लिंकनने न लिहिलेले पत्र आणि जोतीरावांनी लिहिलेली अर्पणपत्रिका

मरोळची शाळा असो की मराठवाड्यातली, भिंतीवर एक चौकट हमखास सापडते: अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र. वसंत बापट यांच्या मराठी अनुवादामुळे ते घराघरांत पोचले. शिक्षकदिनाला ते वाचून दाखवतात, निरोप समारंभात भेट म्हणून देतात. पण हे पत्र लिंकनने लिहिले याचा एकही पुरावा नाही. त्याच्या समग्र लेखनात ते सापडत नाही आणि लिंकनचा अभ्यास करणारे इतिहासकार ते त्याचे मानत नाहीत.

दुसरीकडे एक खराखुरा दस्तऐवज आपल्याच मातीत लिहिला गेला. १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केले. गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाचा गौरव म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे या इच्छेने. हा दस्तऐवज शाळेच्या भिंतीवर नाही. लिंकनने न लिहिलेले पत्र भिंतीवर, आणि लिंकनच्या काळाशी थेट बोलणारे आपल्या माणसाचे शब्द कपाटात. हे काही उगाच घडलेले नाही. पत्रातला लिंकन कोणालाच अडचणीत आणत नाही. तो मुलांना सचोटी शिकवतो, निसर्ग पाहायला सांगतो. अर्पणपत्रिका मात्र विचारते की तिकडे गुलामगिरी गेली, मग इकडची कधी जाणार?

आता त्या अर्पणपत्रिकेतला एक बारकावा लक्षात घ्या. लिंकनचा खून होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती आणि त्याचे नाव जगभर झाले होते. तरीही जोतीरावांनी पुस्तक राष्ट्राध्यक्षाला अर्पण केले नाही, लोकांना केले. या एका शब्दाच्या उजेडात आपण लिंकनचे चरित्र वाचले पाहिजे. कारण ‘एका थोर माणसाने गुलामांना मुक्त केले’ हे वाक्य जसे शाळेत शिकवतात तसे ते खरे नाही. आणि आपल्यासारख्यांनी तर ते वाक्य फार सावधपणे वाचायला हवे.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, केंटकी राज्यातल्या एका लाकडी झोपडीतला. तो नऊ वर्षांचा असताना आई वारली. सगळे मिळून एक वर्षही त्याची शाळा झाली नसेल. कुऱ्हाडीने लाकडे फोडणे, नदीतून मालाची नाव नेणे, दुकान चालवणे, पोस्टमास्तरकी, जमीनमोजणी असे मिळेल ते काम करत आणि मागून आणलेली पुस्तके वाचत तो वकील झाला. १८३४ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, १८४७ ते १८४९ अमेरिकन काँग्रेसमध्ये होता. गरिबीतून वर आलेला, स्वतः शिकलेला हा माणूस आपल्याला जवळचा वाटतो, आणि वाटावाच. पण एक फरक विसरू नका. लिंकन गरीब होता, पण गोरा होता. वाचायला शिकला म्हणून त्याच्या पाठीवर चाबूक बसला नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत त्याच काळात गुलामाला अक्षर शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. गरिबी आणि दास्य यांच्यात काय अंतर असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

गुलामगिरी ही वाईट गोष्ट आहे, असे लिंकनचे मत पहिल्यापासून होते. पण राजकारणात त्याची मागणी एवढीच होती की गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देऊ नये. जिथे आहे तिथे हात लावायचा नाही. १८५८ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत स्टीफन डग्लस याच्याशी त्याचे सात जाहीर वादविवाद झाले. त्यांतल्या चार्ल्सटन गावच्या सभेत त्याने स्वच्छ सांगितले की काळ्या आणि गोऱ्या लोकांची सामाजिक व राजकीय समता आपल्याला नको आहे. काळ्यांना मतदार किंवा ज्युरर करण्याच्याही आपण बाजूचे नाही. हे बोलणे मते मिळवण्यासाठी होते असे कोणी म्हणेल. असेलही. पण मते मिळवण्यासाठी कोणाला खाली ढकलले जाते, यावरूनच त्या समाजाची ओळख पटते.

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, एकूण मतांपैकी चाळीस टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर. चार उमेदवारांत मते फुटली होती. त्या वेळी अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसे गुलाम होती. आपली ही ‘मालमत्ता’ धोक्यात येणार या भीतीने दक्षिणेची राज्ये फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले.

त्या युद्धाचे धक्के थेट मुंबईला बसले. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर सट्टे लागले. राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे त्याच सट्ट्याच्या काळातले सर्वांत मोठे नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. तेजीत व्यापारी श्रीमंत झाले. मंदीत शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज तेवढे उरले. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. म्हणजे जोतीराव अमेरिकेकडे पाहत होते ते काही दूरची नवलकथा म्हणून नव्हे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मुक्तीचा निर्णय लिंकनने कधी घेतला आणि का घेतला?

युद्ध सुरू झाले तेव्हा त्याचे जाहीर उद्दिष्ट एकच होते: देश एकसंध ठेवणे. पण गुलाम कोणाच्या घोषणेची वाट पाहत बसले नाहीत. मे १८६१ मध्ये, युद्धाला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा व्हर्जिनियातले तीन गुलाम पळून फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यात आले. तिथल्या सेनापतीने त्यांना मालकाकडे परत पाठवायला नकार दिला. बातमी पसरली आणि आधी शेकडो, मग हजारो माणसे मळे सोडून छावण्यांकडे चालू लागली. जो प्रश्न लिंकनला टाळायचा होता, तो या माणसांनी आपल्या पायांनी चालत त्याच्या दारात आणून ठेवला. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामगिरीतून पळालेला लेखक आणि वक्ता आपल्या मासिकातून सरकारला झोडपत होता: गुलामांना मुक्त करा, त्यांच्या हाती बंदुका द्या, त्याशिवाय हे युद्ध जिंकता येणार नाही.

एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. त्या कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद होती, एका गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. कोणाला? मालकाला! पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्याला त्या श्रमाचा एक डॉलरही नाही. मुक्त झालेल्याने देश सोडून जायचे कबूल केले, तरच त्याला थोडे पैसे मिळायचे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लिंकनने कृष्णवर्णीयांच्या एका शिष्टमंडळाला बोलावून सुचवले की तुम्ही लोक परदेशात जाऊन वसाहत करा, दोन्ही वंशांनी वेगळे राहणेच बरे. आणि त्यानंतर साधारण आठवडाभराने, २२ ऑगस्ट १८६२ रोजी, त्याने संपादक होरेस ग्रीली याला ते प्रसिद्ध उत्तर लिहिले. त्याचा आशय असा: माझे ध्येय संघराज्य वाचवणे हे आहे, एकही गुलाम मुक्त न करता ते वाचत असेल तर मी तसे करीन, सगळे मुक्त करून वाचत असेल तर तसे करीन. हे पत्र मात्र खरे आहे, आणि ते कोणत्याही शाळेच्या भिंतीवर नाही.

१ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा निघाला. तो फक्त बंडखोर भागांना लागू होता. केंटकी, मेरीलँड, मिसुरी, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली पण संघराज्यात राहिलेली राज्ये त्यातून वगळली होती. तरी त्या कागदाने एक मोठे दार उघडले. काळ्या माणसांना सैन्यात घेतले जाऊ लागले. सुमारे १ लाख ८० हजार जण भूदलात भरती झाले, आणखी हजारो आरमारात. जवळपास ४० हजार मेले. पगार? गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर; काळ्याला १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीतल्या शिपायांनी अपुरा पगार घेण्यापेक्षा तो नाकारणेच पसंत केले आणि तसेच लढत राहिले. जून १८६४ मध्ये काँग्रेसने पगार समान केला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एकाच यंत्रावर कायम आणि कंत्राटी कामगार वेगवेगळ्या पगारावर उभे राहतात, त्यांना या भांडणाचा अर्थ लगेच कळेल.

बाबासाहेबांनी हा इतिहास बारकाईने वाचला होता. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात त्यांनी ग्रीलीला लिहिलेले पत्र समोर ठेवून लिंकनची झाडाझडती घेतली आहे. गुलामांची मुक्ती हे लिंकनसाठी स्वयंसिद्ध कर्तव्य नव्हते, देश वाचवण्याचे साधन होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. मग ते गांधींकडे वळतात. लिंकनला संघराज्य हवे होते तसे गांधींना स्वराज्य हवे आहे. पण फरक आहे: संघराज्यासाठी गरज पडली तेव्हा लिंकन गुलामांना मुक्त करायला तयार झाला, गांधी मात्र स्वराज्यासाठी आवश्यक असले तरी अस्पृश्यांना राजकीय मुक्ती द्यायला तयार नाहीत. मूर्तिपूजा न करता एखाद्या माणसाला न्याय कसा द्यायचा, याचा हा धडा आहे. लिंकनची मर्यादा सांगितली, आणि त्या मर्यादेतही तो कोणापेक्षा पुढे होता तेही सांगितले.

तोच न्याय आपणही लावू. लिंकन बदलला, हे त्याचे मोठेपण. १८६४ च्या उन्हाळ्यात युद्ध रेंगाळले होते, निवडणूक हरण्याची चिन्हे होती, आणि जाहीरनामा मागे घ्या म्हणजे तह होईल असा दबाव त्याच्यावर आला. तो हटला नाही. ज्यांनी देशासाठी रक्त सांडले त्यांना पुन्हा बेड्या घालणे त्याला मान्य नव्हते. तो पुन्हा निवडून आला आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी कायमची रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर करून घेतली. ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात त्याने शिकलेल्या काळ्या माणसांना आणि काळ्या सैनिकांना मताधिकार देण्याची इच्छा पहिल्यांदाच जाहीरपणे बोलून दाखवली. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. १४ एप्रिलच्या रात्री नाटकगृहात त्याने लिंकनवर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन वारला. मताधिकार मागणाऱ्यावर गोळी चालते. गुलाम मुक्त झाला हे काही जणांनी पचवले होते, गुलाम मतदार होणार हे त्यांना पचणारे नव्हते.

पण चरित्र इथे संपवले तर आपण फसू. खरा धडा लिंकन गेल्यानंतरचा आहे.

जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मनने हुकूम काढून दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जप्त जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटायला सुरुवात केली होती. सुमारे ४० हजार माणसे तिथे वसली, नांगर धरला. लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने काही महिन्यांतच बंडखोर मालकांना माफी दिली आणि ती जमीन त्यांना परत केली. एका माणसाच्या मनावर अवलंबून असलेले दान दुसऱ्या माणसाने असे काढून घेतले. दक्षिणेच्या राज्यांनी ‘काळे कायदे’ करून मुक्त माणसाला पुन्हा मळ्यावर जुंपले. मग काँग्रेसमधल्या जहाल रिपब्लिकन गटाने जॉन्सनशी झुंज दिली. १८६८ ला चौदावी आणि १८७० ला पंधरावी घटनादुरुस्ती आली, नागरिकत्व आणि मताधिकार मिळाला. १८७० मध्येच हायरम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर झाला.

जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली ती याच आशेच्या काळात. त्यांची आशा भाबडी नव्हती. तेव्हा काळे आमदार, खासदार खरोखर सभागृहांत बसले होते. पण त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळ्यांनी काळ्या नागरिकांची कत्तल केली, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषींना मोकळे सोडले. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या सौद्यात उत्तरेच्या पुढाऱ्यांनी दक्षिणेतला लष्करी पाठिंबा काढून घेतला. १८९६ मध्ये न्यायालयाने रंगभेदाला कायदेशीर ठरवले. मताचा अधिकार कागदावर राहिला. तो हातात यायला १९६५ साल उजाडावे लागले. शंभर वर्षे!

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता वुड्रो विल्सन, स्वतः इतिहासाचा प्राध्यापक. त्याच वर्षी त्याच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांत काळ्या आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. लिंकन ज्या घरात राहिला, त्याच व्हाइट हाऊसमध्ये १९१५ साली कू क्लक्स क्लॅनचा गौरव करणारा चित्रपट दाखवला गेला. मुक्तीच्या जाहीरनाम्याला तेव्हा पन्नास वर्षे होऊन गेली होती.

म्हणून बाबासाहेब १९४५ च्या त्याच ग्रंथात बजावतात की कृष्णवर्णीयांचे जे झाले ते अस्पृश्य विसरू शकत नाहीत. असा दगा आपल्याशी होऊ नये म्हणूनच आपण आधी हमी मागतो. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांबरोबर जमीन आणि उद्योग यांची आर्थिक व्यवस्थाही घटनेतच बांधून टाकण्याची मागणी केली, म्हणजे सरकार बदलले तरी ती बदलता येऊ नये. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत इशारा दिला की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार काळ चालवला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. अमेरिकेची शंभर वर्षे समोर ठेवून हा इशारा पुन्हा वाचा, मग त्याचे वजन कळते.

मित्रांनो, आजही आपल्याला ऐकवले जाते: ‘तुम्हाला आरक्षण दिले’, ‘तुम्हाला देवळे उघडून दिली’, ‘तुमचा उद्धार केला’. दिले म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. ते मिळावे म्हणून त्याआधी रस्त्यावर कोण उतरले होते? आणि देणारा गेल्यावर ते टिकेल याची लेखी हमी कुठे आहे? महाडचे पाणी कोणी ओंजळीत आणून दिले नव्हते. फोर्ट मन्रोचे दारही कोणी आपण होऊन उघडले नव्हते. आणि जिथे हक्काची हमी नोकरभरती बंद करून, कंत्राटे देऊन, शिष्यवृत्ती रखडवून हळूहळू पोकळ केली जाते, तिथे जाहीरनामा भिंतीवर तसाच राहतो, जमीन मात्र मालकाकडे परत गेलेली असते.

लिंकनचा द्वेष करायचे कारण नाही आणि त्याची आरती ओवाळायचेही नाही. त्याने शेवटी योग्य बाजू घेतली आणि त्यासाठी जीव गमावला. ती बाजू घ्यायला त्याला भाग पाडणाऱ्या लाखो अनाम माणसांशिवाय ते झाले नसते. जोतीरावांनी ‘लोकांना’ असे लिहिले ते म्हणूनच नेमके बसते.

एक कार्यक्रम सुचवतो. ११ एप्रिल ही जोतीरावांची जयंती, १४ एप्रिल ही बाबासाहेबांची. लिंकनचे शेवटचे भाषण आणि त्याच्यावरची गोळी याच दोन तारखांच्या आहेत. हा निव्वळ योगायोग आहे, पण अभ्यासासाठी सोयीचा आहे. डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. या चार दिवसांत वस्तीतल्या अभ्यासिकेत ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका, लिंकनचे ग्रीलीला लिहिलेले उत्तर आणि बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबरचे भाषण मोठ्याने वाचा. मग दहावी-बारावीच्या मुलामुलींना विचारा: मुक्ती कोणी दिली? त्यांना बोलू द्या. ती वाद घालू लागली की समजा, अभ्यास सुरू झाला.

जय जोती! जय भीम!